रिबनची घडी

ताई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात भाची म्हणाली, “मावशी, आईच्या फोटोंचा अल्बम तूच कर. हार मात्र नको, रिबन लाव.”

मी कॉम्प्युटरवर निळी रिबन काढली. ती नुसती सपाट पट्टी दिसत होती. मग टोक दुमडलं, घडीच्या आतला रंग गडद केला, खाली पुसट सावली दिली. रिबन पानावरून जराशी उचलल्यासारखी दिसली. लहानपणी ताई माझ्या वेण्यांना अशीच रिबन बांधायची. एवढ्याशा सावलीने स्क्रीनवरची रिबन खरी दिसते, याचं नवल वाटलं. ताई नाही, याचं मात्र अजून काहीच वाटत नव्हतं.

भाचीने स्क्रीनवर बोट टेकवलं. “खरीच वाटते गं,” म्हणाली आणि रडू लागली.

मी एक हात तिच्या पाठीवर ठेवला. दुसऱ्या हाताने पान सेव्ह केलं.