दुसरी कवळी

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. लग्नाआधीपासून ती एका लॅबमध्ये कवळ्या करायची. माणसाचं वय बघायचं, हसण्याची तऱ्हा बघायची आणि मग मेणात एकेक दात बसवायचा. "म्हातारीला सोळा वर्षांच्या पोरीचे दात दिले तर ती हसल्यावर नातवंडं पळतील," असं तिचं म्हणणं.

नवरा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत. कंपनीनं त्याला परदेशी पाठवायचं ठरवलं आणि दोन शहरं पुढ्यात ठेवली. एक समुद्राकाठचं, पगार चढा. पण बरोबर आलेल्या बायकोनं तिथं काम करायचं नाही, असा कायदा. दुसरं बर्फाचं. पगार बेताचा, पण बायकोच्या हाताला मोकळीक.

"तू म्हणशील तिथं जाऊ," नवरा म्हणाला.

"खरंच?"

"अगं, मला काय! लिफ्ट इथूनतिथून सारखीच. वर जाते, खाली येते."

ती हरखली. बर्फाच्या शहरातल्या एका लॅबला तिनं आपल्या हातची कवळी नमुना म्हणून पाठवली. त्यांनी "या" म्हटलं. मग तिनं इथल्या मालकाला महिनाअखेर सोडते म्हणून सांगितलं आणि खिडकीजवळची आपली जागा नव्या पोरीला शिकवायला घेतली. जाड कोट विकत आणला. तो घालून आरशासमोर उभी राहिली तर नवरा पोट धरून हसला. "अस्वल दिसतेस गं!"

थोरल्या मुलाकडे राहणारी सासू एका दुपारी लॅबमध्येच आली. तोंडातली कवळी काढून सुनेच्या हातात ठेवली.

"हिरडीला टोचतंय बघ. घासून दे. आणि अशीच आणखी एक करून ठेव."

"तोंड एक आणि कवळ्या दोन कशाला, आई?"

"तिथं मोडली तर? तुला तिथं या कामाला हात लावू देणार नाहीत म्हणे. समुद्र बघायला मी येणार आहे ना तुमच्याकडे, बोळक्या तोंडानं फिरू?"

"कुठला समुद्र? आम्ही बर्फाच्या शहरात चाललोय."

सासूनं जीभ चावली असती, पण दात सुनेच्या हातात होते.

"तुला बोलला नाही तो? अगं, त्यानं पहिल्याच दिवशी कंपनीला कळवलंय. थोरल्यालाही ठाऊक आहे. मला वाटलं, तू तयार झालीस."

तिनं टोचणारी कड घासली, कवळी धुतली, सासूला परत दिली. "दुसरी करून देते," म्हणाली.

संध्याकाळी नवरा दारात बूट काढत होता, तिथंच तिनं गाठलं.

"पहिल्याच दिवशी कळवलंस?"

तो बुटाच्या नाडीतच अडकला. "सांगणारच होतो. पगार बघ ना, दुप्पट आहे. एकदम नाही म्हटलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

"म्हणून विचारत राहिलास?"

"मला वाटलं, त्या लॅबवाल्यांचा नकार येईल. म्हणजे आपोआपच मिटलं असतं."

फसवलं, ते तिनं एक वेळ गिळलं असतं. पण हा रोज शेजारी बसून तिच्या हातची कवळी नापास व्हायची वाट बघत होता. आणि कोट घातला तेव्हा पोट धरून हसत होता. जन्मभर दुसऱ्यांचे दात बसवले आणि घरातल्याचे दाखवायचे कुठले, खायचे कुठले, ते काही तिला कळलं नव्हतं.

सकाळी तिनं मालकाला सांगितलं, मी जात नाही.

मालकानं मान खाजवली. "खिडकीची जागा आता त्या पोरीची झाली की."

"मग कोपरा द्या."

कोपऱ्यात उजेड कमी, दिवा डोळ्यांवर यायचा. चार दिवसांनी नवऱ्याचा फोन तिथंच आला. आवाजात साखर घोळलेली. "तिकिटं काढायला बसलोय. दोन सांगू ना?"

"या वेळी खरंच विचारतोयस?"

"हो गं बाई."

"मग एक."

फोन तिनं मेणाच्या डब्यामागे ठेवला. सासूची दुसरी कवळी अर्धी झाली होती, पुढचे दात तेवढे बसवायचे राहिले होते. मोडली तर तिथं कुणी जोडून देणार नव्हतं, तेव्हा तिनं ती जरा जाडच केली.