आत्याबाईंचा चेहरा

आईनं मला पहिल्यांदा ‘आत्याबाई’ म्हटलं तेव्हा मी हसले होते. आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आजी. तिला जाऊन कितीतरी वर्षं झालेली. मी संध्याकाळचा चहा घेऊन आईच्या खोलीत गेले, तर ती पलंगावरून लगबगीनं उठली, डोक्यावर पदर ओढला आणि भिंतीला लागून उभी राहिली. म्हणाली, "दूध ठेवलंय चुलीवर, बघून येते." इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये कुठली आलीय चूल. मी नवऱ्याला हाक मारून म्हटलं, बघा, तुमच्या सासूनं मला तिची सासू करून टाकलं. तोही हसला. आईला विसरण्याचा आजार जडला होता आणि घरात हसण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, म्हणून तेवढंच बरं वाटलं.

पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी दिसले की ही उभी. मी ताट ठेवलं की ही ताटाला हात लावेना. मी खोलीतून बाहेर गेले की घाईघाईनं दोन घास कोंबायची आणि पावलं वाजली की ताट पलंगाखाली सरकवायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "आई, अगं जेव ना, कोण अडवतंय तुला?" तर ती जमिनीकडे बघत म्हणाली, "तुमचं झाल्यावर बसते ना. मागच्यासारखं ताट ओढू नका, पोटुशी हाय मी."

मी ताट तिच्यापुढं सरकवलं आणि खोलीबाहेर आले.

हे मला माहीत नव्हतं. सायखेड्याच्या त्या घरात आजीच्या मांडीवर मी वाढले. आजीनं मला साय खाऊ घातली, माझे केस विंचरले, आल्यागेल्याला अभिमानानं सांगितलं की पोर माझ्यावर गेलीय. आणि तीच बाई माझ्या आईला सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसवायची आणि मनात आलं की भरल्या घासावरून उठवायची. आईनं हे मला कधी सांगितलं नाही. आता बोलली तेही मला नाही, आजीलाच बोलली. पोटुशी म्हणजे माझ्याच वेळी, कारण मला भाऊ नाही, बहीण नाही.

तर पोर आजीवर गेली होती. तरुणपणी ते नाकाडोळ्यांत दिसायचं, त्याचं कौतुक व्हायचं. पन्नाशी उलटली, शुगर निघाली, वजन उतरलं, आणि कातडी तेवढी मागं राहिली. गाल तोंडाच्या दोन्ही बाजूंनी लोंबायला लागले, हनुवटीखाली झोळी आली, ओठांचे कोपरे खाली वळले. आजी खुशीत असली तरी रागावलेली दिसायची. माझंही तसंच झालं. मी मुळात तापट आहे हे खरं, पण निदान शांत असताना तरी शांत दिसावं ना माणसानं.

काय काय नाही केलं मी. केस काळे केले. साडी सोडून पंजाबी ड्रेस घातले. नाकातली चमकी काढून ठेवली. नवरा चेष्टेत म्हणाला, स्कूटीवरच्या पोरी बांधतात तसा तोंडाला स्कार्फ बांध, तर तेही केलं. आई "चोर, चोर" म्हणून एवढी ओरडली की खालच्या मजल्यावरचे वर आले. स्वयंपाकघरातून बोलले तर ती नीट उत्तर द्यायची, म्हणजे आवाजाला भीत नव्हती. माझा चाळिशीतला फोटो तिला दाखवला तेव्हा मात्र तिनं तो दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "ही माझी लेक. नाशकाला असते. तिला कुणी तरी निरोप द्या, म्हणावं आईला घेऊन जा." मी समोर उभी होते. जीव तुटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मग ती पडली. मी दार उघडलं, ती दचकून उठली, पाय चादरीत अडकला आणि खुब्याचं हाड मोडलं. माझं तोंड बघून मोडलं, यात दुसरं काही नाही. ऑपरेशन झालं, घरी आणली. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता हिच्या पोटात अन्न जायला हवं, नाहीतर हाड जुळायच्या आधी ही संपेल. दुपारपर्यंत तिचं करायला कामाच्या एक मावशी यायच्या, त्यांच्या हातून थोडं खायची. जावयाच्या हातून खायला तिला लाज वाटायची, ती ओठ मिटून घ्यायची. उरले मी. मला बघितलं की ती पडल्यापडल्याच पदर शोधायची आणि तोंड भिंतीकडे करायची.

गंगापूर रोडच्या, चेहऱ्याची ऑपरेशनं करणाऱ्या दवाखान्यात मी गेले ती अशी. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग माझ्याकडे बघून त्याचं हसू गेलं. "अगं, या वयात?" एवढंच म्हणाला. शेजारणींना पुढं कळलं तेव्हा त्या जे बोलल्या ते मला ठाऊक आहे. आई मरणाच्या दारात आणि हिला सुंदर व्हायचंय. बोलू देत. मी कुणाकुणाला सांगत बसणार होते?

डॉक्टर जेमतेम तिशीतला. काचेसारखी स्वच्छ केबिन, भिंतीवर गुळगुळीत बायका. त्यानं मला उंच खुर्चीवर ताठ बसवलं, आरसा हातात दिला आणि कानापुढं दोन बोटं ठेवून कातडी वर ओढली. गाल जागेवर गेले. "हे छोटं ऑपरेशन, मॅडम. कानापुढं बारीक चीर, पूर्ण भूल लागत नाही, पंधरवड्यात तुम्ही घरातलं सगळं करायला लागाल." मग त्यानं दुसऱ्या हातानं मानेची कातडी कानामागं ओढली आणि आरशात मला मी दिसले. फोटोतली मी. "आणि हे पूर्ण. आतले स्नायूसुद्धा वर घेतो, मान धरून. पण त्यात पूर्ण भूल, सूज जास्त, आणि तुम्हाला शुगर. महिना, दीड महिना धरा."

"छोट्यानं मान जाणार नाही?"

"नाही. निम्मं काम होईल."

मी त्याला फोटो दाखवला आणि का आले ते सांगितलं. त्यानं फोटो नीट बघितला आणि परत दिला. मग म्हणाला, "मॅडम, त्या ओळखतील याची खात्री मी देऊ शकत नाही. घरी जा, विचार करा. खरं सांगायचं तर मी तुम्हाला नकोच म्हणेन." चांगला मुलगा होता. मीच ऐकलं नाही.

चार दिवस मी आरशापुढं उभी राहून गाल ओढत होते. फक्त गाल, मग गाल आणि मान, मग पुन्हा फक्त गाल. पूर्णच करायला हवं हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण दीड महिना? आई रोज थोडी थोडी कमी होत होती. तिच्या मनगटाभोवती माझी बोटं वळून एकमेकांवर चढायला लागली होती. दीड महिन्यानं मी तरुण तोंड घेऊन येणार आणि पलंग रिकामा, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आणि छोटं केलं तर वेळेत होईल, पण मान आजीचीच राहील. आई काय बघते, गाल की मान? कुणाला विचारायचं हे? देवाला विचारलं असतं, पण त्या दिवसांत माझं आणि त्याचं बोलणं नव्हतं.

शेवटी मी वेळ निवडली. छोटं केलं.

सूज आणि निळेपणा उतरेपर्यंत मी तिच्या खोलीकडे फिरकले नाही. मावशींना हातापाया पडून रात्रीही ठेवून घेतलं. बाहेर बसून मी वाटीत चमचा वाजतो का ते ऐकायची. कधी वाजायचा, कधी नाही. टाके निघाले, तोंडाभोवती बांधलेला पट्टा निघाला. आरशात बघितलं तर खरंच फरक होता. नवरा म्हणाला, "लग्नाच्या आधीची नाही, पण नंतरची नक्की." मानेला मी ओढणी गुंडाळली आणि मऊ खिचडीची वाटी घेऊन आत गेले.

आई उताणी पडलेली होती. मी स्टुलावर बसले, चमचा भरला आणि तिच्यावर वाकले.

तिची बोटं पदर शोधायला लागली.

"आई, मी आहे गं. नीट बघ." ती बघत नव्हती. डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि ओठही. मी चमचा ओठांना लावला, खिचडी गालावरून उशीवर गेली. "नको, आत्याबाई," दातांआडून म्हणाली, "भूक नाय मला." मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

संध्याकाळी ती झोपल्यावर मी हातात धरायचा आरसा आणला, तिच्या उशीवर, डोक्याशेजारी, वर तोंड करून ठेवला आणि हातात चमचा असल्यासारखी वाकले. आरशात आजी होती. गाल पुढं लोंबलेले, हनुवटी दोन ठिकाणी मोडलेली, डोळ्यांखालचं सगळं ओघळून पुढं आलेलं. आम्ही सगळ्यांनी चेहरा ताठ बसून बघितला होता, मी, त्या डॉक्टरनं, नवऱ्यानंही. आई तो खालून बघत होती. तिच्यासाठी मी वाकलेलीच असणार होते.

डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, वाकल्यावर कुणाचाही चेहरा पुढं येतो, मॅडम, पूर्ण केलं असतं तर मान कमी आली असती, पण आलं असतंच थोडं. मी विचारलं, आता पूर्ण करता येईल का. म्हणाला, हे बरं व्हायला काही महिने द्या, मग बघू. काही महिने. मी फोन ठेवला. माझ्या डोक्यात दुसरं काहीही येत नव्हतं, नुसतं पोकळ झालं होतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखे नाहीत. ती दूध, पेज, जे काय घेत होती ते मावशींकडून, आणि तेही घोट दोन घोट. मी दाराबाहेरून भाताचं पाणी द्यायची आणि वाटी परत यायची. मी आत गेलेच तर तिच्या पाठीमागून, ती बघणार नाही अशी. आपल्याच घरात, आपल्याच आईच्या खोलीत, चोरासारखी.

एका दुपारी मावशी लवकर गेल्या. आईला डोळा लागला होता. तिच्या पलंगाला लागून मावशींचा दिवाण होता, तेवढाच उंच. कंबर मोडून आली होती म्हणून मी त्यावर आडवी झाले, उताणी. पंखा बघत पडले होते. रडतही नव्हते. संपलं सगळं, एवढंच मनात होतं. आता ही जाईल आणि जातानाही मला घाबरूनच जाईल.

"कधी आलीस गं?"

मी हलले नाही. नुसते डोळे वळवले. आई मान कुशीला वळवून माझ्याकडे बघत होती. पदर खांद्यावर होता आणि तिनं तो शोधलाही नाही.

"आत्ताच आले," मी म्हटलं.

"जेवलीस?"

"जेवले. तू?"

"आत्याबाई बाहेर बसल्यात ना." आवाज तिनं अगदी खाली आणला. "तू पण हळू बोल."

"त्या गेल्या, आई. आता नाही येणार."

ती थोडं थांबली, खरं मानावं की नाही अशी. मग म्हणाली, "लय वाळलीस गं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. उताणं पडलं की कातडी आपोआप कानांकडे जाते. गाल जातात, मान जाते, सगळं जातं. कुणीही झोपलं की दहा-पंधरा वर्षांनी लहान होतं. सुरी लागत नाही. मी तिच्या शेजारी नुसती पडले असते, ती पडायच्या आधी, सगळ्याच्या आधी, तर तिनं मला ओळखलं असतं. तिच्या खोलीत मी सतत उभी तरी होते, नाहीतर वाकलेली.

आईनं हात उचलला. तो उचलायला तिला किती बळ लागलं ते मी बघत होते. तो दोन पलंगांमधून हळूहळू आला आणि माझ्या गालावर टेकला, कानापासून ओठांपर्यंत फिरायला लागला, मी लहान असताना ती फिरवायची तसा. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला तिचं मनगट मागंपुढं होताना दिसत होतं. गालाला काही कळत नव्हतं. चीर दिली तिथून ओठांपर्यंतची सगळी कातडी बधिर पडली होती. परत जाण यायला महिने लागतात, असं डॉक्टर म्हणाला होता.

मी तिचा हात धरून कपाळावर ठेवला. तिथं तो कळला, कोरडा आणि कोमट. थोडा वेळ तिनं तो तिथं राहू दिला. मग उचलला आणि परत गालावर नेला.