पाटीवरचं 'कै.'

गिरजामायला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण रोज साडेदहाला ती आमच्या शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची आणि पोरांचा आवाज जरा खाली आला की दटावायची, "मोठ्यानं वाचा ना बाप्पा! घरी तं माह्याशी भांडं बी बोलत नाही."

अमडापूरच्या पुढं आमचं गाव. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक लग्न होऊन सुरतेला. घराला लागून असलेली जागा तिनं शाळेला देऊन टाकली. का दिली विचारलं तर म्हणायची, "पुण्य-बिण्य काही नाही, मास्तर. बाजूले कल्ला पाह्यजे होता मले."

गावानं शाळेला तिचंच नाव द्यायचं ठरवलं. पाटी रंगवायला चिखलीचा पेंटर. शाळेला नाव म्हटलं की माणूस गेलेलाच, अशी त्याची समजूत. गड्यानं ठोकून दिलं, 'कै. गिरजाबाई प्राथमिक शाळा'. पंधरा ऑगस्टला नारळ फुटला, टाळ्या झाल्या, पेढे वाटले, आणि मी मुख्याध्यापक असून माझ्याही लक्षात आलं नाही. शाळांच्या पाट्यांवर 'कै.' इतकं बघितलेलं की डोळा तिथं थांबतच नाही.

दुसरीतल्या एका पोरीनं विचारलं, "सर, कै म्हंजे काय?" मी वहीतून मान वर न करता म्हणालो, "कैलासवासी. म्हणजे वारलेले."

व्हरांड्यातून गिरजामाय म्हणाली, "म्हंजे मी मेली काय, मास्तर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र हसत सुटली. "काऊन तोंड पाडता? पोरांनो, भूत हाय रे मी, नीट वाचा!" महिनाभर तिला या गमतीचा कंटाळा आला नाही.

मग एकदा, पोरं घरी गेल्यावर, ती हळूच म्हणाली, "दिवाळीले लेक येऊन राह्यली. तिनं ते वाचू नये, मास्तर. तेवढं पुसून टाका ना."

मी हो म्हणालो. पेंटर म्हणाला, पितृपंधरवड्यात असल्या कामाला हात लावत नाही. मग दसऱ्याला त्याच्याकडे गाड्या रंगवायची गर्दी. अहो, रॉकेलचा बोळा घेऊन मीच स्टुलावर चढलो असतो तर पाच मिनिटांचं काम! नाही चढलो. आळस, दुसरं काय.

शाळेला दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ती येऊन भिंतीला टेकली. लेकीचा फोन आला होता, जावयाला रजा नाही. "आता घाई नाही, मास्तर," ती म्हणाली. "सवडीनं पुसा." त्या दिवशी पोरं पुटपुटत वाचत होती, तरी ती कुणाला काही बोलली नाही.

सुट्टीनंतर थंडी पडली. एका सकाळी अकरा वाजले तरी ती आली नाही, म्हणून मी शेजारी बघायला गेलो. खाटेवर कुशीवर निजलेली होती. हाक मारली, हात लावला, अंग गार.

लेक सुरतेहून आली. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर ती शाळेपुढं येऊन उभी राहिली. पाटी वाचली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग तिनं मला हात जोडले.

"तीन दिवसांत पाटीवर कै. लिहून घेतलं, सर. माह्या मायले तुम्ही किती जपलं हो."

तिला खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "हो."