नकट्याचं घोरणं

आमच्या घरात घोरण्याचा मान पूर्वी एकट्या माझ्या नवऱ्याचा होता. मग मुलगी नोकरीला पुण्याला गेली, तिथल्या घरमालकाला कुत्रं चालेना, आणि तिचा पग आमच्याकडे येऊन पडला. पहिल्याच दुपारी तो जेवून फरशीवर आडवा झाला आणि असा घोरला, की मी गॅसवरचा कुकर बघायला उठले.

"ह्या नकट्याचं इंजन लई जुनं दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. तेव्हापासून तो नकटाच.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. सासरे गेल्यावर गावाकडच्या, पिशोरच्या घराला कुलूप लावून त्या सिडकोतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आल्या, पण पाहुणी म्हणून नव्हे. देवपूजा त्यांची, दुपारचा चहा त्यांचा. कुणी पाण्याचा पेला हातात नेऊन दिला, तर "मी काय आजारी हाय व्हय?" हे ठरलेलं. मला त्याचं कौतुक वाटायचं आणि कधीकधी डोकंही फिरायचं.

मी दुपारी घरूनच ऑनलाइन शिकवण्या घेते. नकटा आल्यावर पंचाईत झाली. मी अपूर्णांक समजावतेय आणि मागं घर्रर्र. एका मुलीनं भाबडेपणानं विचारलं, "मॅडम, सर झोपलेत का?" मग मात्र मी त्याला उचलून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याचा जबडा उघडून पाहिला. म्हणाल्या, या जातीचं नाकच दाबलेलं, नाकपुड्या बारीक, घशातला मऊ पडदा लांब, म्हणून हवा जाताना तो फडफडतो. त्यात अंगावर चरबी चढली की वाट आणखी आवळते. उताणा झोपला की जीभ मागं जाते. धूळ, धूर यांनी नाक सुजतं. वजन उतरवा, गळ्यातला पट्टा काढून छातीवरचा घाला, उताणा दिसला की कुशीवर वळवा, घरात धूर करू नका. आणि श्वास कोंडायला लागला किंवा जीभ निळी दिसली, तर घरी बसू नका, लगेच घेऊन या.

मी घरी येऊन फर्मानं काढली. आत्याबाई त्याला साय लावून भाकरी द्यायच्या, ती बंद. सकाळी हॉलभर घुमणारा त्यांचा धूप, तो खास गुलमंडीच्या बाजारातून मागवलेला, बाल्कनीत.

"बरं," आत्याबाई म्हणाल्या. नुसतं बरं.

नकटा हळूहळू उतरला. कंबर दिसायला लागली, जिना चढताना धाप लागेना, आणि दुपारी तो कुठं झोपलाय हे शोधावं लागायला लागलं, इतका गप. मी स्वतःवर खूश होते.

त्याच सुमारास आत्याबाईंनी दुपारचा चहा सोडला. जेवण झालं की दिवाणावर बसायच्या त्या बसायच्याच. "जरा पाणी देतीस का गं?" असं चक्क मागायला लागल्या. मला वाटलं, धुपाचा राग. कपबश्या आपटत मीच चहा करायचे. नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या आईनं संप पुकारलाय." तो हसला आणि पेपरात डोकं घालून बसला.

एका दुपारी शिकवणी अचानक रद्द झाली आणि मी खोलीतून बाहेर आले. आमच्या शहरात नळाला कधीतरीच पाणी येतं, त्यामुळं पॅसेजमध्ये भिंतीला लागून पाण्याचे ड्रम उभे असायचे. गारव्याला नकटा त्यांच्याजवळच पसरायचा. आत्याबाई पॅसेजच्या तोंडाशी उभ्या होत्या. एक हात भिंतीवर, आणि एक पाय पुढं करून त्या जमीन चाचपत होत्या, पाण्यात उतरताना माणूस चाचपतो तशी. नकटा त्यांच्या पावलापासून वीतभर अंतरावर, लख्ख उजेडात झोपला होता.

"नकट्या, कुठं हाईस रे?" त्या हळूच म्हणाल्या. "आवाज तर दे."

मी जाऊन त्यांचा हात धरला.

"आत्याबाई, दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतं की. म्होरचं दिसतं. खालचं अन् कडंचं नाय दिसत."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुमी मला जागचं हलू दिलं असतं का?" त्या म्हणाल्या. "हा घोरायचा तवा कळायचं, कुठं पडलाय ते. वळसा घालून जायची. आता गप पडून राहतो. पाय पडला त्याच्यावर, तर तो बी जायचा अन् मी बी."

मला तिथंच रडू फुटलं. त्यांनाच मला गप करावं लागलं.

डोळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येत नाही, उरलेली थेंबांनी जपायची. नवरा घाबरला. आईनं आता एकटीनं उठायचंच नाही, गॅसपाशी तर नाहीच, दिवसभराची बाई ठेवू, म्हणाला. आत्याबाई पदराचं टोक पिळत राहिल्या. ते मला बघवेना. मी म्हटलं, बाई नको, आधी घर सुधारू. ड्रम बाल्कनीत गेले. नकट्याच्या पट्ट्याला घुंगरू बांधलं. नवरा म्हणाला, बघू, पण एकदा जरी पडली तरी माझं ऐकायचं.

घुंगराला आत्याबाईंनी हात लावून पाहिला. "चालताना वाजंल हे. झोपल्यावर काय?"

बरोबरच होतं. चहा बंदच राहिला.

परवा नकट्याला तपासायला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन छान आहे, श्वास मोकळा आहे. पग आहे, उताणा झाला की थोडा घोरणारच, त्यानं काही बिघडत नाही.

काल दुपारी शिकवणी चालू असताना पॅसेजमधून बारीक घर्रर्र ऐकू आलं. सवयीनं मी त्याला कुशीवर वळवायला उठले. दारापर्यंत गेले आणि थांबले. आत्याबाई दिवाणावरून उठल्या होत्या. भिंतीला हात लावून त्यांनी कान दिला, मग त्याला मोठा वळसा घातला आणि स्वयंपाकघरात गेल्या. लायटरचा आवाज आला. पातेल्यात पाणी पडलं.

मी परत खुर्चीत येऊन बसले.

"मॅडम, कोण घोरतंय?" स्क्रीनवरून एका पोरानं विचारलं.

"आमचा कुत्रा," मी म्हटलं. "घोरू दे त्याला."