नाल्यावरची गल्ली

मोजणी आम्ही मे महिन्यात केली, तिथंच आमचं चुकलं. ऐंशीच्या दशकात धुळ्यातल्या एका खासगी कचेरीत मी ले-आउटचे नकाशे काढायचो. शहर पारोळ्याच्या रस्त्यानं भराभर सरकत होतं, शेतांचे प्लॉट पाडायची सगळ्यांना घाई. शहर कसं वाढावं याचा विचार करणारा तिथं कोणी नव्हता. मीही नव्हतो, कागदावर सरळ रेघा छान दिसल्या की मी खूश. उन्हाळ्यात आमच्याकडे बैलगाड्या कोरड्या नाल्यातूनच जातात. मला चाकोऱ्या ठसठशीत दिसल्या आणि मी शहाण्यानं त्यांचा रस्ता केला. दोन्ही अंगांना प्लॉट आखले.

नकाशा मंजूर झाल्यावर खुणेचे दगड रोवायला गेलो, तेव्हा शेजारच्या शेतातले आबा बांधावरून म्हणाले, "भाऊ, हाऊ रस्ता नही शे, नाला शे. पानी उनं का समजी."

पाणी आलं की कळेल! मी तसाच कचेरी गाठली. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "इतक्या वर्षांत तिथं पाणी पाहिलंय का कोणी? गप्प बस."

मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर नोकरी जाईल म्हणून टरकलो होतो. पण जेवताना, अंथरुणावर पडल्यावर, तो नाला काही डोक्यातून हलेना. त्यातच अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, त्याच गल्लीत प्लॉट घेतला. का, तर भावानं आखलाय म्हणून!

"जोतं चांगलं तीन फूट उंच घे," एवढंच मी तिला म्हणालो. कारण सांगितलं नाही. तिनं मुकाट्यानं भर घातली. बाकीच्यांची जोती फूटभरच. मी संध्याकाळी उगाच सायकल त्या गल्लीत नेई, एकेक उंबरा नजरेनं मोजी आणि कोणाशी न बोलता परत फिरे. असं कितीदा केलं असेल!

नव्वदनंतरच्या एका भाद्रपदात सकाळपासून पाऊस कोसळला आणि दुपारी नाला आपल्या वाटेनं आला. मी पोहोचलो तेव्हा पाणी ओसरत होतं. अक्काच्या ओट्यावर सगळी गल्ली दाटीवाटीनं उभी होती. हातात भिजलेल्या गोधड्या, धान्याचे डबे.

मला पाहताच अक्का कौतुकानं सगळ्यांना म्हणाली, "मना भाऊले पहिलेपासून बठ्ठं माहीत व्हतं!"

सगळे माझ्याकडे पाहत राहिले.