मागच्या सीटवरचा पाय

आमच्या धाराशिवच्या मोटारसायकल क्लबात बाया असतात त्या मागच्या सीटवर. मीही कैक वर्षं तिथंच होते, डबे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत. त्यामुळं दिवाळीआधीच्या त्या रविवारी मी पुढं बसले आणि आमचे हे मागं, तेव्हा सगळ्या क्लबाला एकदम आपापले आरसे पुसायची आठवण झाली.

झालं असं होतं, की उन्हाळ्यात यांचा उजवा गुडघा गेला. घाटात नव्हे, घाटात हे कधी पडले नाहीत. नव्या खोलीच्या स्लॅबवर पाणी मारताना घसरले. शेवटी डॉक्टरांनी गाडी कायमची बंद सांगितली, तेव्हा यांनी नळदुर्गच्या एका माणसाला शब्दच देऊन टाकला, की सोमवारी या आणि गाडी घेऊन जा.

"चालवणारा न्हाय, तर दारात ठिऊन काय पूजा करायची?"

मी तोवर मैदानावर, मग बायपासवर गाडी शिकले होते, पण ते यांच्या लेखी चालवणं नव्हतंच. मला असा राग आला! गाडी गेली की हे क्लबाकडं फिरकणार नाहीत, दिवसभर पेपर घेऊन ओट्यावर बसतील आणि माझ्या भाजीतल्या मिठाच्या चुका काढत राहतील, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून म्हटलं, विकायची तर विका, पण एकदा मी येरमाळ्यापर्यंत नेते. तुम्ही मागं बसा.

येडशी सोडली आणि डोंगर लागले. पावसाळ्यातलं गवत पिकून तांबूस झालं होतं, सागाच्या पानांची जाळी झाली होती. सोयाबीन निघालेल्या काळ्या रानांमधून तूर पिवळी फुललेली. मला मात्र हे सगळं अर्ध्या डोळ्यानंच दिसत होतं, कारण यांचा पाय. दर वळणाला तो मागच्या फूटरेस्टवर जोरात दाबला जायचा, ब्रेक तिथंच असल्यासारखा.

"अहो, ब्रेक माझ्याकडं हाय."

"मग मार की येळेवर!"

आता आमच्या क्लबाचा एक रिवाज आहे. पुढच्याला उजव्या अंगाला खड्डा दिसला की तो उजवा पाय बाहेर काढतो. त्याचं बघून मागचा काढतो, मग त्याच्या मागचा, अशी खड्ड्याची खबर रांगेच्या शेवटापर्यंत जाते. घाटाच्या चढावर पुढच्यानं पाय काढला. मी काढला. आणि त्याच क्षणी, जुन्या सवयीनं, मागून यांनीही काढला, तोही दुखरा. दोघांचा भार एका अंगाला गेला, गाडी झोकांडली आणि खड्ड्याच्या अगदी काठावरून गेली. तरी मी हँडल सोडलं नाही. गिअर खाली घेतला आणि गाडी तशीच वर चढवली.

मला वाटलं, संपलं, आता सोमवार पक्का.

मग हे म्हणाले, "तू पाय काढू नको. हँडल धर नीट. इशारा म्या देतो, हातानं."

त्यानंतर खड्डा आला की माझ्या खांद्याजवळून यांचा हात बाहेर यायचा आणि खाली बोट दाखवायचा. मागच्यांनीही ते पटकन ओळखलं. अशी तीन-चार वळणं गेली. घाटमाथ्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की मघापासून फूटरेस्टवर काहीच दाबलं गेलेलं नाही.

येरमाळ्यात सगळे चहाला थांबले. पाट्यांमधून सीताफळं विकायला आली होती, मी चार घेतली. हे बाकड्यावर पाय लांब करून बसले आणि फोन लावला.

"पाव्हणं, उद्या येऊ नका. गाडी द्यायची न्हाय."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"न्हाय, पाय तसाच हाय. पण घरात चालवणारं माणूस हाय."

मला रडू आलं. तोंडात सीताफळाचा घास, त्यामुळं बोलताही येईना. मी नुसत्या बिया थुंकत राहिले. तेवढ्यात निघायची शिट्टी झाली. हे उठले, हेल्मेट घातलं आणि कुणी न सांगता मागच्या सीटशी जाऊन उभे राहिले.