क्या फटा, सर?

किस्से जमवायला आमच्या टोळक्याला कुठं जावं लागत नाही. चौघांकडे चार जुन्या गाड्या आहेत. त्या रस्त्यात बंद पडून किस्से तयार करतात, आम्ही फक्त चहा पिता पिता ते वाढवतो. देवगाव फाट्यावर माझं पाइप आणि स्प्रिंकलरचं दुकान, शेजारी विश्वनाथआप्पांचं किराणा. रिटायर झालेले सोनटक्के मास्तर आणि कापसाचे व्यापारी बापूराव, दोघांची रोजची हजेरी. इतकी वर्षं आम्ही एकमेकांच्या बंद गाड्यांवर पोट धरून हसलो. यंदा मात्र मला हसू येईना.

कारण माझी मनीषा पहिल्या बाळंतपणाला आली होती. नववा लागलेला, त्यात बीपी वर-खाली. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, दुखायला लागलं की मध्ये कुठं थांबू नका, थेट इकडं आणा. अँब्युलन्सचा नंबर पाठ होता. पण ती येऊन आमचं मळ्यातलं घर शोधेपर्यंत आपण निम्मं अंतर कापू, असा आमचा विचार. म्हणजे भिस्त माझ्या पांढऱ्या गाडीवर. आणि ती गाडी अशी, की हॉर्न दाबला की वायपर फिरतात!

तेवढ्यात तिचा इन्शुरन्स संपत आला. एजंट घरी येऊन म्हणाला, यंदा रोडसाइड असिस्टन्सचं कव्हरही घ्या. गाडी बंद पडली की फोन करायचा, माणूस येतो, जागेवर दुरुस्त करतो, नाही झाली तर उचलून नेतो. अख्ख्या भारतात सर्विस.

आतून बायकोचा आवाज आला, "भारतात हाय, पण आपल्या गावात येती का?"

एजंट चहा अर्धा टाकून गेला.

*

म्हटलं, ज्यांनी आधी कव्हर घेतलंय त्यांनाच विचारावं. सुरुवात आप्पांपासून.

आप्पांची गाडी फाट्याच्या जरा अलीकडं बंद पडली होती. बॅटरी उतरलेली. त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडून एक गोड आवाजाची पोरगी हिंदीतून म्हणाली, सर, कहाँ हैं आप?

"देवगाव फाटा."

"क्या फटा, सर?"

"फाटा! फाटा!"

"जी सर, समझ गई. टायर फटा."

आणि फोन कट! लोकेशन मोबाइलवरून गेलं होतं, म्हणून व्हॅन बरोब्बर आली. मेकॅनिकला आप्पा बॅटरी दाखवायलेत, तो त्यांना मोबाइल दाखवायलाय. कंप्लेंट टायरची आहे म्हणे, मी टायरच बदलणार. त्यानं डिकीतली कोरी स्टेपनी काढली, चांगला टायर उतरवला, स्टेपनी चढवली, आप्पांची सही घेतली आणि सलाम करून गेला.

आप्पांनी कोऱ्या टायरची बंद गाडी दुकानापर्यंत ढकलत आणली!

तेव्हापासून आमच्यात नियम झाला. कंपनीच्या फोनवर 'फाटा' म्हणायचं न्हाई. 'चौक' म्हणायचं.

*

मास्तरांची कंपनी वेगळी. मास्तर पेपर तपासावा तसे कंपनीचे नियम वाचतात. त्यात त्यांना सापडलं, की गाडी पक्क्या रस्त्यावर असेल तरच सेवा मिळेल. मास्तरांनी फोन करून विचारलं, आमच्या गावचा रस्ता डांबरी आहे, पण डांबर आता शोधावं लागतं, तर तो पक्का धरणार का? उत्तर आलं, रस्त्याचा फोटो पाठवा.

मास्तरांनी भर रस्त्यात उभं राहून फोटो काढला आणि पाठवला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "सर, हे शेत दिसतंय. कृपया रस्त्याचा फोटो पाठवा."

*

बापूरावांची तर तिसरीच तऱ्हा. सासुरवाडीला गंगाखेडकडं गेले होते. उसामधल्या वाटेला गाडीनं मान टाकली. तिथं नेटवर्कचा पत्ता न्हाई. कुणीतरी सांगितलं, रेंज पाहिजे तर गावच्या पाण्याच्या टाकीवर चढा. एवढं पोट घेऊन बापूराव टाकीवर चढले! खाली निम्मं गाव जमलं. जावईबापू रुसले, या समजुतीनं सासरे वर बघून हात जोडायलेत.

फोन लागला, कंप्लेंट झाली, लोकेशन गेलं. गेलं ते टाकीचं. व्हॅनवाला टाकीला तीन चकरा मारून निघून गेला. बापूरावांना कंपनीचा मेसेज मात्र तेवढा मिळाला. टाकीवरच मिळाला.

"कृपया आपल्या गाडीजवळच थांबा."

*

मी रात्रंदिवस विचार केला. एका कंपनीला आमचा रस्ता शेत वाटतो. दुसरीचा माणूस टाकीला प्रदक्षिणा घालतो. आप्पांच्या कंपनीनं चुकीचं काम केलं, पण माणूस आला! मी आप्पांची कंपनी घेतली.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मथुराबाई गाडीभोवती फिरून आल्या. बायकोला म्हणाल्या, "कव्हर घेतलं म्हणं गाडीला? मग उघडी कामून ठिवली? घाला की!"

*

कव्हर घेतलं, तरी जीव थाऱ्यावर येईना. रोज सकाळी मी गाडीचा सेल मारून बघायचो. चालू झाली की बरं वाटायचं, बंद केली की वाटायचं, आता परत होईल का? मनीषा शिंकली तरी माझा हात चावीकडं जायचा.

एकदा माजघरातून "आई गं!" ऐकू आलं. मी भरून ठेवलेली बॅग उचलली, गाडीत टाकली, सेल मारला. पहिल्या झटक्यात चालू! म्हटलं, देव पावला. गावच्या कमानीपर्यंत पोचलो आणि धीर द्यायला मागं वळून बघितलं. गाडीत मनीषाच न्हाई!

घरी आलो, तर बोटाला विळी लागलेली, हळद लावून बसली होती. बायको दारात उभी.

"करा फोन कंपनीला," ती म्हणाली. "म्हणावं गाडी चालू हाय, डायवर बंद पडलाय."

*

आणि मग तो दिवस आला. सकाळीच मनीषाला कळा सुरू झाल्या. यावेळी तिला आधी बसवलं, मग बॅग. बायको तिला धरून मागं. गाडी तशी शहाण्यासारखी निघाली. फाटा दिसायला लागला, आप्पांच्या दुकानाची पाटी दिसायला लागली, आणि गाडीनं दोन आचके दिले. बंद! सेल मारला, वायपर फिरले.

मी फोन लावला. तोच गोड आवाज. कहाँ हैं सर? आणि 'चौक' म्हणायची इतकी तालीम केलेली, पण ऐन वेळी माझ्या तोंडून निघालंच.

"देवगाव फाटा!"

"क्या फटा, सर?"

त्याच क्षणी मागून मनीषा किंचाळली.

"जी सर, आवाज आई," ती म्हणाली. "टायर लिख रही हूँ."

तोवर माझं बॉनेट वर गेलेलं बघून आप्पा आपली गाडी घेऊन धावत आले, मागोमाग मास्तर. मनीषाला आप्पांच्या गाडीत हलवलं. मोबाइल वाजला, मेसेज. कृपया आपल्या गाडीजवळच थांबा. आणि मी खुळ्यासारखा थांबलो की!

"गाडीपाशी थांबायचं का पोरीपाशी, काय ते ठरवा," बायको म्हणाली.

मी चावी मास्तरांकडं फेकली आणि पळत जाऊन बसलो. आप्पा, ज्यांना बैलगाड्या ओव्हरटेक करतात, ते आप्पा टॉप गिअरमध्ये! निम्म्या रस्त्यात मनीषा बोलायची थांबली. कण्हायचीही थांबली. बायको तिचे गाल थोपटत होती. आप्पांनी तोंडातल्या तोंडात 'ओम नमः शिवाय' सुरू केलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या आवाजाकडं लक्ष दिलं न्हाई.

दवाखान्यात तिला थेट आत नेलं. दार बंद झालं. मी बाकड्यावर, आप्पा भिंतीला टेकून. चहा आला, गार झाला.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. बायको बाहेर आली. माझ्या कानाशी येऊन दोनच शब्द बोलली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी मटकन खाली फरशीवर बसलो.

तेवढ्यात फोन वाजला. तोच गोड आवाज. सर, आपने सुबह कॉल किया था, फीडबॅक के लिए बात कर रही हूँ. प्रॉब्लेम सॉल्व हो गया?

म्हटलं, "हो गया."

"क्या निकला, सर?"

"मुलगी," मी म्हणालो. "दोघी सुखरूप."

तिकडं टाइप केल्याचा आवाज आला.

"ओके सर. पार्ट बदलना पड़ा, या रिपेअर हो गया?"